डावा हात बिनपगारी रजेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या गेमवेडाविषयी वाचले. आईबापांची काळजी खोटी नाही. माझ्या बहिणीनेही लेकापायी दोन वर्षे देव पाण्यात घातले होते. पण त्याच वेडातून मागे उरलेले एक यंत्र, डाव्या हाताने चालवायचा गेमिंग कीपॅड, सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि त्यावर मी साखर कारखान्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगे काढतो. त्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो आहे. चाराच्या चाळीस झाल्या तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन आहे. वय ५७. आयटीआयचा ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि १९८८ साली बोर्डावर उभा राहिलो. उभा राहिलो हे शब्दशः खरे, कारण तेव्हा ए-झीरोचा कागद बसून आवाक्यात येत नसे. बोर्डाच्या वरच्या कडेला मिनी ड्राफ्टर आवळलेला असायचा. डाव्या हाताने त्याची मूठ धरायची, पट्टी हव्या त्या जागी न्यायची आणि दाबून ठेवायची. मग उजव्या हाताने पेन्सिल ओढायची. डावा हात ढिला पडला की रेघ हललीच. आमचे इन्स्ट्रक्टर मागून फिरताना पोरांच्या उजव्या हाताकडे बघतच नसत. म्हणायचे, “पेन्सिल कुणीबी ओढतंय. पट्टी धरून दाखव.”

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटे बसा, हेच दिसेल. सूर ठरवतो तो डावा हात. उजव्याने नखी मारायची.

मग कॉम्प्युटर आला. आमच्याकडे ऑटोकॅड हे ड्रॉइंग काढायचे सॉफ्टवेअर आले ते विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारे, बारावी आवृत्ती. त्याबरोबर एक डिजिटायझर टॅब्लेट, म्हणजे सपाट पाटी होती आणि तिच्यावर सरकवायचा सोळा बटणांचा पक. तो दिसायला साबणाच्या वडीएवढा. टॅब्लेटवर आज्ञांच्या चौकटी छापलेला कागद अंथरलेला असे. तेव्हाच उजव्या हाताकडे जास्तीचे काम आले, पण आज्ञा टाइप करायच्या असल्याने डाव्याला थोडीफार हजेरी होती. पुढे विंडोज आले, माउस आला, पडद्याच्या वरच्या कडेला आज्ञांच्या चित्रांची रांग आली. तेव्हापासून डावा हात मांडीवर आहे. चहाचा कप धरायला, फोन कानाला लावायला, पावसाळ्यात माशा हाकलायला. बिनपगारी रजा. आणि उजवा हात? तो चित्रावर क्लिक करायला वर डाव्या कोपऱ्यात जातो, रेघ मारायला खाली उजव्या कोपऱ्यात येतो, पुन्हा वर जातो. दिवसभरात कुपवाड ते सांगली पायी जाऊन यावे, तशी त्याची गत.

कुणी म्हणेल, जाणकार माणूस चित्रांवर क्लिक करत नाही, तो आज्ञांची आद्याक्षरे टाइप करतो. बरोबर आहे, मीही करायचो. रेषेसाठी एल, वर्तुळासाठी सी, हलवायला एम, समांतर रेघेला ओ, छाटायला टीआर. पण एकदा की-बोर्ड समोर घेऊन बघा. एल, एम, ओ, पी, आय, एच, जे ही सगळी मंडळी उजव्या अर्ध्यात बसलेली आहेत. आणि माउसही उजव्याच हातात. म्हणजे प्रत्येक एलसाठी एकतर माउस सोडायचा, नाहीतर डावा हात छातीसमोरून पलीकडे टाकायचा. आकड्यांचा पॅड तर अगदीच उजव्या टोकाला, माउसच्या शेजारी पाट लावून बसलेला. आमच्या धंद्यात आकड्यावाचून एक रेघ पुढे सरकत नाही. हा की-बोर्ड टायपिस्टसाठी मांडलेला आहे. एक हात त्यावर आणि एक हात माउसवर ठेवणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

माझे मनगट दोन वर्षांपूर्वी बोलू लागले. सप्टेंबरचा महिना होता. कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला की मिल रोलरचे शाफ्ट, पिनियन, बेअरिंगची घरे यांची ड्रॉइंगे एकदम अंगावर येतात, आणि प्रत्येकाला ती कालच हवी असतात. रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर व्हायची. करंगळी मात्र ठणठणीत. मिरजेत डॉक्टरांना दाखवले. करंगळी शाबूत आहे हे ऐकताच ते म्हणाले, मनगटातल्या एका नसेवर दाब येतो आहे, त्या नसेच्या वाट्याला करंगळी येत नाही. रात्री पट्टा बांधायला दिला आणि म्हणाले, उजव्या हाताचे काम कमी करा. घरी येताना बसमध्ये विचार करत होतो. ड्राफ्ट्समनने उजव्या हाताचे काम कमी करायचे, म्हणजे आचाऱ्याने चुलीपासून लांब राहायचे.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागलेला, गेम सुटलेले. त्याच्या बॅगेत एक वस्तू होती. मामाचा पट्टा बघून त्याने ती काढून दिली. “मामा, हे वापरून बघा. माझ्याकडे नुसतं पडलंय.” रेझर कंपनीचा टार्टारस नावाचा गेमिंग कीपॅड. की-बोर्डचा डावा तुकडा कापून काढावा, त्याला तळहात टेकायला उंचवटा करावा आणि अंगठ्यापाशी एक आठ दिशांना हलणारी चकती बसवावी, असे ते ध्यान. वीसेक कळा, एक चाक, आणि आतून रंगीबेरंगी दिवे. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा लावला तेव्हा गणपतीचा मांडव पेटल्यासारखा दिसला आणि शेजारच्या सीएनसी मशीनवरची पोरे बघायला गोळा झाली. दिवे आधी बंद केले.

आता कामाचे सांगतो, कारण कुणाला करून बघायचे असेल तर इथेच फसेल.

हा कीपॅड ऑटोकॅडला ओळखत नाही. त्याला फक्त कळा दाबल्याचे नाटक करता येते. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका कळीला कळांची मालिका नेमून द्यायची, उदाहरणार्थ एल आणि स्पेस. ऑटोकॅडमध्ये स्पेस हेच एंटर, त्यामुळे एवढ्यात रेषेची आज्ञा सुरू होते. मालिकेच्या सुरुवातीला दोनदा एस्केप घालावे, म्हणजे आधी अर्धवट राहिलेली आज्ञा सुटते. ऑटोकॅडच्या स्वतःच्या मेनूतही प्रत्येक आज्ञेआधी रद्द करण्याची खूण दोनदा घातलेली असते, तीच ही युक्ती. मी खूश होऊन सगळ्याच कळांना दोन एस्केप जोडून टाकले. अंगठ्याच्या चकतीवर मी टोक, मध्यबिंदू, केंद्र आणि लंब पकडण्याच्या, म्हणजे रेघ नेमकी तिथे चिकटवण्याच्या खुणा ठेवल्या होत्या, त्यांनाही. झाले! रेषा सुरू करायची, मध्यबिंदू पकडायला अंगठा हलवायचा, की रेषाच गायब. अर्धा दिवस गेला. आधी मशीनवर संशय, मग विंडोजवर, मग लायसन्स संपले की काय म्हणून मालकांना फोन. शेवटी एफ-टू दाबून मजकुराची खिडकी उघडली तर एकाखाली एक नुसते ‘कॅन्सल, कॅन्सल’. आज्ञेच्या पोटात चालणाऱ्या गोष्टींना एस्केप लावायचे नसते, हे मी ३० वर्षे ऑटोकॅड वापरून त्या दिवशी शिकलो.

दुसरी फजिती खास आपली मराठी माणसाची. घरच्या लॅपटॉपवर मी मराठी टाइप करतो, इन्स्क्रिप्ट या कळमांडणीने. एका रविवारी गावच्या देवळाच्या सभामंडपाचा नकाशा काढत होतो, शीर्षके मराठीत. शीर्षक लिहून झाले, कॉपीची कळ दाबली, आणि ऑटोकॅडने निरोप दिला की ‘मद’ नावाची आज्ञा मला माहीत नाही. पुन्हा दाबली. पुन्हा मद. बायको मागून जात होती, ती म्हणाली, “अहो, कुणाला चढलाय?” कीपॅड बिचारा सी आणि ओ याच कळा दाबत होता. विंडोज मराठीत असल्याने सीचा ‘म’ झाला आणि ओचा ‘द’. तेव्हापासून कीपॅडला हात लावण्याआधी खाली कोपऱ्यात भाषा बघायची सवय लागली आहे.

आकडे मी दुसऱ्या थरावर ठेवले. अंगठ्याखालची एक कळ दाबून धरली की साऱ्या कळांचा अर्थ बदलतो आणि तिथे कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची मांडणी मिळते, जोडीला दशांश चिन्ह, ॲट आणि कोनाची खूण. खरे सांगायचे तर मला सर्वांत मोठा फायदा या आकड्यांचाच झाला. उजवा हात माउसवरून उठायचे कारणच उरले नाही. पहिले पंधरा दिवस मात्र जिवाचे हाल. चहाच्या आधी उरकणारे काम चहा होऊन गेला तरी उरकेना. बोटांना पाठ झालेले सगळे विसरायचे आणि या वयात नवीन पाढा घोकायचा. कळांवर मी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून पेनने लिहिले होते: ‘रे’, ‘छा’, ‘हल’, ‘आर’ म्हणजे आरसा. तिसऱ्या आठवड्यात त्या चिठ्ठ्या घामाने पुसल्या गेल्या आणि माझ्या ते लक्षातही आले नाही.

मनगट बरे झाले का? पूर्ण नाही. रात्रीचा पट्टा, मधली विश्रांती आणि हा कीपॅड यात कुणाचे श्रेय किती ते मला सांगता येणार नाही, आणि कीपॅड हे औषध नव्हे. उलट महिन्याभराने डावा खांदा धरला. खुर्ची दोन इंच वर घेतली, कीपॅड पोटाजवळ ओढला, मग सुटला. म्हणजे रजेवरून आलेल्या माणसाला एकदम ओव्हरटाइम देऊ नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्याकडे येतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने माझे बघून ऑफिसकडे असाच कीपॅड मागितला. हुशार पोरगी, पॉलिटेक्निक झालेली, दिवसाला माझ्याहून जास्त शीट काढते. मागणीचा कागद खरेदीतून लेखा विभागात गेला आणि लाल शेरा घेऊन परत आला: ‘कार्यालयीन वेळेत खेळ चालणार नाहीत.’ ती मला म्हणाली, “काका, तुम्ही जाऊन सांगा.” मी गेलो, समजावले. उत्तर आले, “काका, खोक्यावर गेमिंग छापलंय. ऑडिटवाला इचारला तर मी काय सांगू?” त्या माणसाचेही चुकत नाही. पण त्याच महिन्यात मालकांनी एका प्रदर्शनात बघून थ्री-डी माउस आणला. तो महाग होता, तरी बिल संध्याकाळपर्यंत पास. कारण नावात थ्री-डी.

थ्री-डी माउस वाईट नाही. त्याची टोपी ढकलता, ओढता, पिळता येते, सहाही प्रकारे, आणि पडद्यावरचा पंपाचा केसिंग हातात धरल्यासारखा फिरतो. त्याचे मूळ जर्मनीच्या अवकाश संस्थेत रोबोचा हात चालवण्यासाठी झालेल्या कामात आहे. १९९३ साली कोलंबिया यानातल्या रोबोच्या प्रयोगात अंतराळवीरांनी त्याच जातीचा चेंडू वापरला होता. पण आमचे दहातले आठ काम सपाट ड्रॉइंगचे. सपाट कागद किती फिरवणार? ते यंत्र सध्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरजवळ आहे. अवकाशातून आलेले चालते, खेळातून आलेले चालत नाही, एवढाच मला त्यातून अर्थ लागला.

आणि हे डाव्या हाताचे खूळ गेमवाल्यांनी काढलेले नाहीच. भाच्याने मोबाइलवर दोन जुन्या फिती दाखवल्या. एकीत इव्हान सदरलंड यांचे स्केचपॅड आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६३ साली त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. आज आपण ज्याला कॅड म्हणतो, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणे, त्याचा तो आजोबा. पडद्यावर चित्र काढणाऱ्याच्या एका हातात प्रकाशलेखणी आहे आणि दुसरा हात बटणांच्या पेटीवर. लेखणी कुठे ते सांगते, बटण काय ते सांगते. दुसरी फीत ९ डिसेंबर १९६८ ची, सॅन फ्रान्सिस्कोची. डग्लस एंगलबार्ट यांनी तिथे जाहीरपणे माउस दाखवला. माउस उजव्या हातात होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या डाव्या हाताखाली बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखा पाच कळांचा एक संच होता. पाच बोटांनी एकदम वेगवेगळे मेळ दाबले की ३१ खुणा होतात, तेवढ्यात इंग्रजी बाराखडी भागते. जगाने उजव्या हातातले उचलले आणि डाव्या हातातले टेबलावर तसेच ठेवून दिले. मी ती फीत तीनदा बघितली. पडद्याकडे नाही, त्या माणसाच्या डाव्या हाताकडे. आमचे इन्स्ट्रक्टर आठवले.

अंगाला जमेल तशी कामाची वाट काढावी, हे आपल्या सांगली जिल्ह्याला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखता येत नसत. म्हणून त्यांनी मुंबईत चित्रकला सोडली, यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवू लागले. १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती अशा एका ड्रॉइंग मास्तराच्या हातून. आमच्यासारख्या ड्रॉइंगवाल्यांनी ही गोष्ट छाती फुगवून सांगावी अशी आहे, म्हणून जाता जाता सांगितली.

माझी मागणी सरकारी अनुदानाची नाही. सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) भागात कॅड शिकवणाऱ्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि गल्लीबोळातल्या क्लासेसनी पहिल्या महिन्यात वरच्या चित्रांची रांग बंद करून ठेवावी आणि मुलांचा डावा हात कळांवर बसवावा. आज मुले कोर्स करून येतात ती एकहाती येतात. आम्ही कामावर घेतलेल्या पोरांना रेषेचे चित्र कुठे आहे ते विचारा, डोळे मिटून सांगतील. आद्याक्षर विचारा, गप्प.

यासाठी कीपॅड घेतलाच पाहिजे असेही नाही. ऑटोकॅडची एकॅड डॉट पीजीपी नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे, आद्याक्षरे तिथे लिहिलेली असतात. तिची प्रत काढून ठेवा. मग फाइलच्या शेवटी आपली अक्षरे लिहा: अक्षर, स्वल्पविराम, तारा (*), आज्ञेचे पूर्ण नाव. व्हीला मूव्ह द्या, डब्ल्यूला ऑफसेट द्या, डाव्या हाताखाली येणारे कुठलेही. एकच अक्षर दोनदा आले तर शेवटचे चालते. री-इनिट ही आज्ञा दिली की ऑटोकॅड बंद न करता बदल लागू होतो. खर्च शून्य. ज्याला थोडे खर्चायचे आहे त्याने यूएसबीचा साधा आकड्यांचा पॅड आणून की-बोर्डच्या डावीकडे ठेवावा. आमच्या त्या मुलीने शेवटी तेच केले. तिच्या बिलावर ‘न्यूमेरिक’ लिहिले होते, ते निमूट पास झाले.

डावखुऱ्यांचे मात्र वेगळे. हा टार्टारस डाव्या पंजाच्याच साच्यात घडवलेला आहे, उजव्या हाताला तो उलटा चढवलेल्या चपलेसारखा लागतो. आमच्या स्टोअरमधला एक पोरगा डावखुरा आहे, माउस डाव्या हाताने चालवतो. त्याला म्हटले, तुझी तर चैन आहे, आकड्यांचा पॅड आधीपासून तुझ्या मोकळ्या हाताखाली. तो म्हणाला, “व्हय काका, पण तुमच्या खुर्चीवर बसायला मिळंना की.” हंगाम संपला की बसवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, कुपवाड

(ता. क. : कृपया नाव छापू नये. आमच्या लेखा विभागात आपलाच पेपर येतो.)